फोटोत चेंडू नाही

शुक्रवार, १ नोव्हेंबर १९९६. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण महत्त्वाचे आहे. पेपरात आले आहे की देशात पहिलीच नॅशनल फुटबॉल लीग यंदा डिसेंबरात सुरू होणार. बारा संघ. म्हणजे बारा गोलकीपर, आणि प्रत्येकाचा एक राखीव धरला तर चोवीस. संपूर्ण भारतात चोवीस चांगले गोलकीपर असतील असे मला वाटत नाही. तेविसावा किंवा चोविसावा मी सहज आहे.
माझी माहिती (अर्जासाठी): शिवशरण सिद्धाप्पा. वय २२. उंची पाच फूट साडेसहा इंच, बूट घालून सात. शिक्षण दहावी पास, अकरावी अर्धी. व्यवसाय: वडिलांच्या (अप्पांच्या) मिरची कांडप यंत्रावर. संघ: पिंपळ तालीम, कोल्हापूर (आमच्या पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ). दोन हंगाम गोलकीपर.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. शंभर उड्या. चहा बंद.

शनिवार, २ नोव्हेंबर. सकाळी ८.४०
उशिरा उठलो. रात्रभर लीगचा विचार चालू होता, त्यामुळे झोप नाही. चहा घेतला, पण अर्धाच. उड्या उद्यापासून.

रविवार, ३ नोव्हेंबर
चार क्लबांना अर्ज लिहिले. इंग्रजीत. प्रत्येक शब्द डिक्शनरीत पाहिला. सोबत गेल्या वर्षीच्या सेमी-फायनलचे पेपरातले कात्रण जोडायचे. वरच्या तालमीविरुद्धचा सामना. फोटोत मी पूर्ण आडवा, जमिनीपासून दीड फूट वर. माझा असा फोटो दुसरा नाही. फोटोत चेंडू दिसत नाही, कारण तो त्या वेळी जाळीत होता. पण पाहणाऱ्याला ते कळण्याचे कारण नाही. माझे डोळे मिटलेले आहेत. त्या दिवशी सकाळी यंत्रावर काम केले होते आणि ग्लोव्ह्ज तिथल्याच खिळ्याला टांगलेले होते. डोळ्यांत मिरची गेली होती. हे मी तेव्हाही सर्वांना सांगितले होते.
बातमी मोठी आहे, बहुतेक पिराजीबद्दल. पिराजी म्हणजे वरच्या तालमीचा नऊ नंबर. त्याने त्या दिवशी तीन गोल मारले. बातमीचा तेवढा भाग कापून टाकावा असे मनात आले, पण अर्धवट कात्रण पाठवणे योग्य नाही. सगळ्याचे इंग्रजी भाषांतर करून जोडले. माझ्या ओळीखाली तांबड्या शाईने रेघ मारली. ओळ अशी आहे: ‘गोलरक्षक शिवशरण यांनी उडी मारली.’

मंगळवार, ५ नोव्हेंबर
कात्रणाच्या झेरॉक्स जोडून चारही अर्ज रजिस्टर पोस्टाने रवाना. अप्पांनी विचारले, कसली पाकिटं? सांगितले. ते मिरच्यांची देठे खुडत होते. म्हणाले, “साकप्पा, साकु,” म्हणजे कानडीत पुरे. “हे बघ, आधी त्या यंत्राचा पट्टा बसीव.” पट्टा बसवला. थोडा तिरका बसला. मन थाऱ्यावर नव्हते.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
जोतीराम अण्णांनी खेळाडू नोंदणीचे फॉर्म माझ्याकडे दिले. अण्णा म्हणजे आमच्या तालमीचे सर्वेसर्वा. माझे अक्षर चांगले म्हणून फॉर्म दरवर्षी मीच भरतो आणि तालमीतला सामन्यांचा फळाही मीच लिहितो. शेवटची तारीख २० नोव्हेंबर, संध्याकाळी सहा. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत यादीत नाव घालता येत नाही. यादीत नाव नसलेल्या माणसाने मैदानात पाय ठेवला तर सामना गेला.
माझा फॉर्म सर्वांत आधी भरला. फोटो चिकटवला. फक्त सही ठेवली आहे. एकदा सही केली की मी वर्षभर तालमीचा बांधील. उद्या क्लबाचे बोलावणे आले तर अडचण नको.

मंगळवार, १२ नोव्हेंबर. पाडवा
दिवाळीचे तीन दिवस सराव नाही. चकल्या बारा. हे स्नायूंसाठी आवश्यक आहे असे कुठेतरी वाचले आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर
एका क्लबाकडून पोचपावती परत आली! खाली कोणाची तरी सही. वाचता येत नाही. मोठ्या माणसांच्या सह्या वाचता येत नाहीत. अव्वाला, म्हणजे आईला, दाखवली. तिने देवासमोर ठेवली आणि विचारले, “ह्यात काय म्हंटल्यात?” पत्र पोचले असे म्हटले आहे, हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग ते पोस्टमनबी सांगितला असता की.” तिला यातली प्रक्रिया समजत नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर
अण्णांनी आज तालमीत सगळ्यांसमोर विचारले, “एकोणीस सह्या झाल्या. तुझी कुठाय?” मी म्हणालो, दोन दिवस थांबा, एक पत्र यायचे आहे. “कसलं पत्र? लग्नाचं?” सगळे हसले. मग मी लीगचे सांगितले. अण्णा म्हणाले, “लेका, तुझ्या बापानं, तुझ्या काकानं ह्या तालमीचा शर्ट घातलाय. तू कुठल्या गावाला चाललायस?” मी फळा पुसायला घेतला. उत्तर देता आले असते.

बुधवार, २० नोव्हेंबर. रात्री ८.००
नीट क्रमाने लिहितो.
दुपारी दोन: पोस्टमन आला. यंत्राचे लाइट बिल.
चार: अण्णा घरी आले. म्हणाले, “सही कर, गप.” मी म्हणालो, उद्या सकाळच्या डाकेपर्यंत मुदत मिळाली तर. अण्णा म्हणाले, “मुदत माझ्या हातात न्हाय. तू काय ते सांग. व्हय का न्हाय?” मी म्हणालो, समजा, नाही. ‘समजा’ हा शब्द मी स्पष्ट उच्चारला होता. तो त्यांनी विचारात घेतला नाही.
साडेचार: अण्णांनी बाळासोंना गोठ्यातून उठवून आणले. बाळासो दहा वर्षांपूर्वी आमचे गोलकीपर होते. आता चार म्हशी आहेत आणि पोट आहे. हाताला शेण तसेच. त्यांचा फॉर्मही मलाच भरावा लागला, दुसऱ्या कोणाचे अक्षर तेवढे बरे नाही. वय विचारले. “बत्तीस घाल की,” म्हणाले. सदतीस आहे. मी सदतीस घातले.
पावणेसहा: वीस फॉर्म घेऊन मीच सायकलवरून फुटबॉल संघटनेच्या ऑफिसात गेलो. माझा फॉर्म फाइलमध्ये वेगळा होता. क्लार्कने विचारले, “एवढंच न्हवं?” मी हो म्हणालो.
परत येताना पोस्टाच्या रस्त्याने आलो. पोस्ट बंद होते.

रविवार, १ डिसेंबर
पत्र नाही. पोस्टमनला रस्त्यात गाठू नये असे अप्पांनी बजावले आहे. संकल्प: फक्त दारातून पाहणे.
एकट्याने सराव. चेंडू भिंतीवर मारून झेलणे. भिंत फार जोरात परत देते.

मंगळवार, १० डिसेंबर
हंगामातला आमचा पहिला सामना. फळ्यावर निकाल लिहायचा असतो, म्हणून स्टेडियमवर गेलो. बाळासोंनी पेनल्टी अडवली. पोटावर. हा तंत्राचा भाग नाही, हे मी शेजारच्यांना समजावून सांगत होतो. त्यांनी मला “ओ पावणं, बसा खाली” असे म्हटले. माझ्या स्वतःच्या पेठेतली माणसे.
आम्ही एक शून्यने जिंकलो. बाळासोंना खांद्यावर घेतले. चार जण लागले.

शुक्रवार, २० डिसेंबर
लीग सुरू झाली. पेपरात आतल्या पानावर निकाल. एका संघाने तीन गोल खाल्ले. म्हणजे तिथे गोलकीपरची अडचण आहे. अशा वेळी जुने अर्ज बाहेर काढतात. बॅग भरून ठेवली. ग्लोव्ह्ज साबणाने तीनदा धुतले. तरी वास येतो.

शनिवार, २८ डिसेंबर. दुपारी ३.१५
पत्र आले. आंघोळ करून मग उघडले.
चार ओळी. टाइप केलेल्या. डिक्शनरी घेऊन दोनदा वाचले, तरी अर्थ तोच निघतो. अर्जाबद्दल आभार. गोलकीपरची जागा रिकामी नाही. कात्रणातला नऊ नंबरचा खेळाडू पुढच्या हंगामासाठी चाचणीला यायला तयार असेल काय? त्याचा पत्ता कृपया कळवावा.
भाषांतराबद्दलही आभार मानले आहेत.

रविवार, २९ डिसेंबर
शांतपणे विचार केला. पत्र माझ्या नावाने आले आहे, म्हणून ते माझे आहे. दुसऱ्याला दाखवण्याचे बंधन नाही. शिवाय पिराजी आमच्या विरुद्ध तालमीचा. शिवाय नववर्षाची गडबड. पत्र डिक्शनरीत ठेवले आहे.

सोमवार, ३० डिसेंबर
दुसऱ्या बाजूने विचार केला. पिराजी बाहेरगावी गेला तर वरची तालीम कमजोर होईल, आणि त्यात आमच्या तालमीचे हित आहे. म्हणजे पत्र देणे हे माझे कर्तव्य ठरते. पण घाईने केलेले कर्तव्य चुकते. जानेवारीत देईन.

मंगळवार, ३१ डिसेंबर
आज तानाबाई मिरची घेऊन आल्या. संकेश्वरी, दोन किलो. तानाबाई म्हणजे पिराजीची आई. हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला आणि तोवर मी त्यांना बसायला पाट दिला होता. दरवर्षी दहा किलो आणतात. अव्वाने विचारले, ह्या वेळी एवढीच का? तर म्हणाल्या, “पिऱ्या कामाला जातंय ती फौंड्री बंद हाय पंधरा दिस. रोज उठून मैदानावर जातंय. म्या म्हंटलं, बॉलला लाथा घालून चूल पेटत आसती तर काय पायजे हुतं.” अव्वा हसली, तानाबाईही हसल्या.
माझ्या डोळ्यांत पाणी आले. मिरची.
पत्र आतल्या खोलीत, तीन पावलांवर होते.

गुरुवार, २ जानेवारी १९९७
पत्र दिले. रंकाळा तळ्यावर पिराजी एकटाच पळत होता, तिथे गाठले. इंग्रजी म्हणून त्याने ते मलाच वाचायला सांगितले. मी प्रत्येक शब्द वाचला. काहीही गाळले नाही. गोलकीपरची जागा रिकामी नाही हेही वाचले. तो कठड्यावर बसला आणि म्हणाला, “आयला. म्हंजे तू गेलतास अर्ज करायला, आन् बोलावलं मला?” मी म्हणालो, वस्तुस्थिती साधारण तशी आहे.
तो हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते. मग विचारले, “तितं आपली मान्सं आसतात का बघायला?” मी म्हणालो, नसावीत. “आन् गोल मारला तर वरडतंय कोण?” यावर पत्रात काही नव्हते.
मग उठला. “न्हाय बाबा. फौंड्री आज ना उद्या सुरू हुईल. चौदा तारखेला तुमच्यासंगं मॅच हाय. येत न्हाय म्हणून लिही, पण जरा चांगल्या शब्दांत लिही. तुझं अक्षर भारी हाय.”
मी त्याला समजावले. नॅशनल लीग म्हणजे काय, संधी म्हणजे काय, असा निर्णय भावनेने घेऊ नये. तो ऐकत होता. मग म्हणाला, “तू सही केली न्हाईस व्हय तालमीची? सगळी पेठ बोलती.” मी म्हणालो, विचारपूर्वक केली नाही.
जाताना पाठीवर थाप मारली. “त्या दिवशी तू उडी खरंच भारी मारलीतीस. फकस्त बॉल गेल्यावर.”

शुक्रवार, ३ जानेवारी
पिराजीचा नकार लिहिला. तीन कच्चे खर्डे, एक पक्का. शेवटी स्वतःबद्दल एक ओळ घातली होती, की मी मात्र उपलब्ध आहे. खोडली. पुन्हा घातली. खाडाखोड दिसायला लागली म्हणून पूर्ण पत्र नव्याने लिहिले, ओळीशिवाय. पोस्टात टाकले.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत. संध्याकाळी ७.३०
आमची तालीम विरुद्ध वरची तालीम. सकाळी फळा लिहिला, तिळगूळ वाटला, स्टेडियमवर गेलो. पूर्ण भरलेले. मैदानाच्या कडेला, कठड्याला टेकून उभा होतो.
सामन्याआधी सरावात बाळासोंच्या उजव्या हाताची करंगळी मोडली. त्यांचा आवाज प्रेक्षकांपर्यंत आला. अण्णा धावत गेले. मग त्यांनी मागे वळून गर्दीत पाहिले, आणि त्यांना मी दिसलो. माझ्या हातात ग्लोव्ह्ज होते. का आणले होते ते माहीत नाही, रोज नेतो. मी कठड्यावर एक पाय टाकला होता. अण्णांच्या हातात खेळाडूंची यादी होती. त्यांनी यादी पाहिली, परत मला पाहिले. यादी माझ्याच अक्षरात आहे. वीस नावे. एकही चूक नाही.
अण्णांनी नुसती मान हलवली. मी पाय खाली घेतला.
राईट बॅक सोमेश गोलमध्ये उभा राहिला. त्याला मी कठड्यापलीकडून माझे ग्लोव्ह्ज दिले. दहाव्या मिनिटाला तो डोळे चोळू लागला. मी ओरडून सांगत होतो, डोळ्यांना हात लावू नकोस. एवढ्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?
चार शून्य. पिराजीचे तीन. तिसऱ्या गोलानंतर तो धावत आपल्या लोकांपुढे गेला आणि हात पसरून नुसता उभा राहिला. सात-आठ हजार माणसे ओरडत होती. तानाबाई कुठे बसल्या होत्या ते दिसले नाही, पण आवाज त्यांचा होता.
लीगमध्ये याला कोणी ओळखलेही नसते. हे मी स्वतःशी दोनदा म्हणून पाहिले.

बुधवार, १५ जानेवारी. सकाळी ९.००
तालमीत गेलो. अण्णांनी खडू दिला. फळ्यावर निकाल लिहिला. चार हा आकडा जरा लहान निघाला, तो पुसून योग्य आकाराचा काढला. अण्णा मागे उभे होते. म्हणाले, “पुढच्या वर्षी तरी येळंवर सही कर गा.” मी विचार करून सांगतो म्हणालो.
घरी येऊन फाइल उघडली. फॉर्म तसाच. सही केली. तारीख आजची घातली, मागची तारीख घालणे मला जमत नाही. परत फाइलमध्ये ठेवला.
पुढच्या अर्जांसाठी नवा फोटो काढायचा. फोटोत एकटाच. चेंडू हातात, डोळे उघडे. चेंडू कोणीतरी हळू टाकायला पाहिजे. बाळासोंना विचारतो, करंगळी बरी झाली की.