मोटर, दांडा आणि हिलरी ऑर्मरॉड

५ मे, रविवार
ठरलं. दोन जूनच्या मॉडेल बोट क्लबच्या सुकाणू-स्पर्धेत, म्हणजे तरंगत्या खुणांना धक्का न लावता बोट वळवायच्या शर्यतीत, माझी छोटी लाँच उतरणार आणि जिंकणार. पहिला येणाऱ्याला क्लबचे सेक्रेटरी मि. ऑर्मरॉड घरी चहाला नेतात, ही क्लबची जुनी रीत. त्या घरात हिलरी राहते. त्यांची मुलगी. पार्कच्या तळ्यात मधोमध कुणाची मॉडेल बोट बंद पडली की होडी वल्हवत जाऊन ती काठाला आणते. आज तिने माझ्याकडे पाहिलं. निदान माझ्या दिशेला. मागे आइस्क्रीमची गाडी होती, पण ती दर रविवारी असते.

७ मे, मंगळवार
मोटर बसवली. मि. ऑर्मरॉडचं म्हणणं, मोटर आणि पंख्याचा दांडा यांच्यामध्ये आधी सरळ पितळी नळीचा तुकडा घालायचा, म्हणजे दोन्ही एका रेषेत येतात. तशीच मोटर पक्की करायची. मगच तुकडा काढून लवचिक जोड घालायचा. हे नवशिक्यांसाठी ठीक. मी इंजिनिअरिंग कॉलेजात पाच महिने काढलेत. (सोडलं ते प्राध्यापकाशी वाद झाला म्हणून. चूक त्याची होती.) एक डोळा मिटून पाहिलं. सरळ. एपॉक्सीने चिकटवून टाकली. एकूण अकरा मिनिटं.

८ मे, संध्याकाळ
बाथटबमध्ये चाचणी. आवाज खिम्याच्या यंत्रासारखा. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर पाऊण तास. आई म्हणाली, तुझी बोट दात खाते. आईला यंत्रातलं कळत नाही. लवचिक जोड असतो कशाला? थोडा तिरकेपणा सोसायलाच ना. नवं यंत्र सुरुवातीला कुरकुरतंच.

१२ मे, रविवार
चाळीस फूट गेली. मग जोड तुटला. बोट बेटापाशी, बदकांच्या घोळक्यात.
आणि हिलरी आली! बोट मांडीवर ठेवून आणली. म्हणाली, "डेस, तुझी मोटर एकीकडे बघते, दांडा दुसरीकडे. भांडण आहे का दोघांचं?"
नावाने हाक मारली. नाव बोटीवर लिहिलेलं आहे, तरीसुद्धा.

१५ मे
नवा जोड आणला. मोटर उखडून सरळ करावी असं क्षणभर वाटलं. पण सरळ झाली तर हिलरी येणार कशाला? स्पर्धेला अजून अठरा दिवस आहेत. शेवटच्या दिवशी सरळ करीन, अकरा मिनिटांचं तर काम. तोवर हात लावायचा नाही. याला धोरण म्हणतात.

१९ मे, रविवार
दोनदा बंद. दोन फेऱ्या! दुसऱ्या फेरीला तिने अर्धं अंड्याचं सँडविच दिलं. मीठ जास्त होतं. सगळं खाल्लं.
मग मि. ऑर्मरॉड नियमांची वही घेऊन आले. महिन्यात तीन वेळा ओढून आणावी लागली तर बोट पाण्याबाहेर, सेक्रेटरीच्या देखत दुरुस्त होईपर्यंत. मी म्हणालो, हा नियम मूर्खाने केलाय. नियम त्यांनीच केला होता. मी बोट चालवायचा ट्रान्समीटर गवतावर आपटला. गवत मऊ होतं म्हणून बरं.
ते एवढंच म्हणाले, "शनिवारी क्लबच्या शेडवर ये, पोरा. करवत घेऊन."
क्लब सोडतोय. कायमचा.

२५ मे, शनिवार
शेडवर गेलो. हिलरीचं घर मागेच आहे, एवढंच कारण. ती केस कापायला गेली होती.
मोटर करवतीने कापून काढली. पितळी तुकडा घातला तर मोटर आपली आपण सरकून जागेवर बसली. मागे पाव इंचाची फट उरली. मी डोळ्याने मोजलं होतं तेव्हा कुठे होती ही फट? तिथे पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या, स्क्रू आवळले, तुकडा काढून जोड घातला. त्यांनी बोटाने पंखा फिरवायला लावला. लोण्यातून सुरी फिरावी तसा. मला अंदाज होताच.
क्लब सोडत नाही. जिंकणार, चहा पिणार, हिलरीला सिनेमाला विचारणार.

२ जून, रविवार
जिंकलो. एकाही तरंगत्या खुणेला धक्का नाही. आवाज इतका कमी की बदकांनी मानसुद्धा वळवली नाही.
हिलरीला माझ्याकडे यायचं कामच पडलं नाही. ती नऊ वेळा क्लिफर्ड हॅस्लमच्या टगबोटीकडे गेली. (स्पर्धेच्या दिवशी तीनचा नियम लागू नसतो.) हा खाटकाच्या दुकानातला, क्लबात नवा. मोटर डोळ्याने बसवलेली. दहाव्या खेपेला तिने त्यालाच होडीत बसवून घेतलं.
चहाला हॅम, डब्यातले पीच आणि मि. ऑर्मरॉड. हिलरी क्लिफर्डबरोबर सिनेमाला. चार ते पावणेसात बोलणं फक्त दांड्याला वंगण कोणतं यावर. सर्वांत मोठा पीच माझ्या ताटात घालून ते म्हणाले, पुढच्या रविवारी क्लिफर्डची मोटर तूच सरळ करून दे. जिवात जीव आला. त्याची बोट एकदा धड चालू दे, मग बघू हिलरी कशी जाते तिकडे.
फाटकाशी ती परत येताना भेटली. क्लिफर्डच्या मोटरची बातमी सांगितली. ती जवळ आली, माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "डेस, माझं एक ऐकशील? त्याची आहे तशीच राहू दे."
हो म्हणालो.