फुटक्या नळीची वासलात

मी, निवृत्ती लिंबाजी गजभारे, वय ७१, राहणार मलकपेठ, हैदराबाद, एका नेमबाजी क्लबात चौतीस वर्षे बंदुका दुरुस्त केलेला माणूस, कुणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. मन तेवढे विटले आहे.

१. राहते घर पत्नी कोंडाबाई हिचे. तिच्यामागे आदर्श आणि शिवानी या मुलांचे निम्मे निम्मे. आदर्शने एवढ्यावर गप्प राहावे.

२. माझ्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक कुणालाही देऊ नये. कारण लिहितो, नाहीतर "म्हातारा चळला होता" म्हणायला आदर्श मोकळा. छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या तोंडात आट्यांवर एक आखूड नळी बसवतात, तिला चोक म्हणतात. आदर्शने ती तेल न लावता बसवली आणि ती अडकली. चार दिवस तेल मुरू दिले असते तर सुटली असती. या शहाण्याने नळी शिकंज्यात आवळली आणि चोक पाइप पान्याने पिळला. चोक निघाला नाहीच, नळी मात्र फुगली. मग वरून घासून, काळा रंग फासून, मला न विचारता गिऱ्हाईक घेऊन आला.

३. शिवानीने नळी खिडकीकडे धरून आत पाहिले. "बाबा, आत काळं कडं दिसतंय." ते मलाही दिसले होते. "तू गप बस गं," म्हणालो मी. आदर्शचे लग्न ठरले होते, चारचौघांत त्याची लाज राखायची होती. 'नळी तपासली, ठीक आहे' अशी चिठ्ठी मी सहीनिशी दिली. त्या सहीची मला आजही शिसारी येते.

४. त्या चिठ्ठीच्या भरवशावर क्लबात माझ्या हाताखाली शिकलेल्या अंबाजीने गिऱ्हाइकासमोर बार काढला. नळी फाटली. अंबाजी डावखुरा, पण क्लबातल्या बंदुका उजव्यांच्या, म्हणून उजव्या खांद्यावरून मारायला मीच त्याला शिकवले होते. नळीखाली डावा हात होता. लिहायच्या हाताची दोन बोटे गेली. आणि आमचे चिरंजीव दवाखान्याच्या दारात म्हणतात, "फुटका तुकडा कापून टाकू, बाकीची विकू." थू! अजून तेच म्हणतो.

५. म्हणून माझ्यामागे शिवानीने बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी, नष्ट करण्याचा अर्ज द्यावा आणि पोच मिळेपर्यंत तिथून हलू नये. दुरुस्तीची माझी सगळी हत्यारे तिची, शिकंजासुद्धा. तिला गप्प बसवले, ते माझे चुकले. आदर्शला माझी ती चिठ्ठी द्यावी.

६. अंबाजीला या घरातली एक खोली लिहून देणार होतो, आणि या कागदावर साक्षीदारही तोच हवा होता. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला वाटा दिला की पुढे भांडणाला जागा राहते. दोन्हींपैकी एकच ठरवा. मी त्यालाच विचारले. म्हणाला, "हिस्सा नक्को उस्ताद. मी सहीच करतो. आदर्शला दिसू दे."

सही: निवृत्ती लिंबाजी गजभारे
मलकपेठ, हैदराबाद. ११ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. अ‍ॅड. अनुराधा जामगावकर
२. अंबाजी कोलेवार (उजव्या हाताने)