बिननावाची भांडी

गंगाखेड,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आईंना बबिताचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी आहे. भक्ती नांदेडला बरी आहे, परीक्षा जवळ आल्यामुळे आईची आठवण फक्त डबा संपल्यावर येते. तुमचा गुडघा कसा आहे? तेल दिलं होतं ते लावता का? लावत नसणारच. बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवून रोज तिला हात जोडत असाल.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन दत्तरावभाऊजींच्या खिशात असतो. स्पीकर लावल्याशिवाय तुम्हाला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की आपलं बोलणं अख्खी गल्ली ऐकते. तुम्ही ग्रंथ वाचता, माझं अक्षर तर त्याहून मोठं आहे. सावकाश वाचा, पण एकटीनं वाचा. भाऊजींच्या पोरींकडून वाचून घेऊ नका.

घर झालं, आई. दोन खोल्या, पुढं थोडा ओसरा, आणि स्वयंपाकघर वेगळं. रंगाचा वास अजून गेला नाही. फरशी निवडताना पांढरी घेतली ती चूक झाली, आता दिवसातून तीनदा पुसते. वास्तुशांत एकवीस तारखेला, शुक्रवारी धरली आहे. हे भाऊजींनी तुम्हाला सांगितलंच आहे, आणि त्यावर तुम्ही जो निरोप दिलात तोही मला पोचला. त्याचं पुढं लिहिते.

आधी भांड्यांचं सांगते. भाड्याच्या खोलीत वीस वर्षं काढली, पण तिथली भांडी भांडी म्हणायच्या लायकीची राहिली नव्हती. कुकरची शिट्टी सुटायची तेव्हा बाजूनंही वाफ यायची. नव्या घरात ते भंगार न्यायचं नाही असं ठरवलं, आणि तीन रविवार बाजारात घातले. आठवडाभर उपकेंद्रात लेकरांना लसी टोचायच्या, गरोदर बायांची वजनं करायची, ऑनलाइन माहिती भरायची, आणि रविवारी पिशवी घेऊन फिरायचं. हौसेनं करायची खरेदी मी ड्युटीसारखी केली. एका दुकानात तर मिक्सर बघता बघता स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला. दुकानदारानं चहा आणून ठेवला तेव्हा जाग आली. लाज वाटून तोच मिक्सर घेऊन टाकला. गरगर फिरतो, आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा.

शेगडी काचेची घ्या म्हणून सगळे मागे लागले होते. मी साधी स्टीलची घेतली. काचेवर गरम पातेलं आदळायची तुमची सवय मला ठाऊक आहे. तवा लोखंडी घेतला, बिडाचा नाही, तो उचलताना मनगट दुखतं. परात मोठी घेतली. एवढ्या मोठ्या परातीत मी एकटी कुणासाठी भाकरीचं पीठ मळणार, हे घेताना सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं. पोळपाट, सांडशी, मिसळणाचा डबा असं सगळं एकेक करत झालं. विळी तेवढी राहिली. पसंत पडेना. धार बघून विळी निवडणं तुमचंच काम, मला सगळ्या सारख्याच दिसतात.

ताटं, पातेली आणि डबे मी व्यंकटरावांच्या दुकानातून घेतले. मोंढ्याकडं जाताना लागतं ते. माणूस म्हातारा आहे, पण नाव घालायचं मशीन स्वतःच चालवतो. पोराला हात लावू देत नाही, तो काना-मात्रा खातो म्हणे. सगळी भांडी समोर मांडली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मला काही विचारायच्या आत मोठं पातेलं मांडीवर घेऊन सुरूच केलं. टर्र टर्र करत ‘भागवत’ हे नाव त्या पातेल्यावर उमटलं. नवं घर म्हटल्यावर घरच्या माणसाचं नाव, त्यात विचारायचं काय? मी समोर उभी होते. तोंड उघडायला वेळ भरपूर होता. पण मी पूर्ण नाव होईपर्यंत बघत राहिले.

दुसरं पातेलं घेतलं तेव्हा म्हणाले, “सिस्टर, मागच्या बारीला मालकाकडून आईला म्हणून घातलं होतं. औंदा नुसतंच घालू ना?”

मी म्हटलं, “राहू द्या. बाकीची तशीच द्या.”

“तशीच?” त्यांनी मशीन बंद केलं. “अहो, बिननावाचं भांडं एकदा दुसऱ्याच्या पंगतीला गेलं की वापस येत न्हाई. कुणाचंय म्हणून वळखावं?”

“न्हाई आलं तर न्हाई आलं,” मी म्हटलं. त्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला. मग सगळं पोत्यात भरून दिलं.

आई, आता डब्याचं सांगते. दोन दिवाळ्यांमागं तुम्हाला जो मोठा लाडवाचा डबा आला, ‘भागवतकडून आईस’ असं नाव घातलेला, तो तुमच्या लेकानं पाठवला नव्हता. मी घेतला, मी नाव घालायला लावलं आणि मीच एसटीच्या कंडक्टरकडं दिला. गेल्या दिवाळीचं हिरवं लुगडंही माझंच. भाऊजी सांगतात, दारात आलेल्या प्रत्येक बाईला तुम्ही तो डबा फिरवून नाव दाखवता. वाचता येत नसलेल्या बाईला वाचूनही दाखवता. ते ऐकलं की मी विषय बदलायची, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटायचं.

त्यांना सुट्टी मिळत नाही, कंपनीत रात्रपाळी आहे, फोन पाण्यात पडला, हे सगळं मी रचलेलं होतं. ते पुण्याला आहेत एवढंच खरं. तिथं त्यांचं दुसरं घर आहे. बाई आहे, आणि दोन वर्षांचा मुलगा आहे. तो तुमचा नातूच, म्हणून तुमच्यापासून लपवायचा मला हक्क नाही. तुम्ही माझ्या भाड्याच्या खोलीतून भाऊजींकडं निघून गेलात त्या दिवशी म्हणाला होतात, “तूच टिकू दिलं न्हाईस माझ्या लेकराला. सदा नोकरी, सदा नोकरी.” तेव्हाही मला हे माहीत होतं. तरी मी तुमच्या पिशवीत चपलांचा जोड भरला.

मी लय गुणाची म्हणून गप्प बसले, असं समजू नका. तुमच्यावर दया आली म्हणूनही नाही. मी घाबरले होते. लेकानंच सोडलं म्हटल्यावर सून कुठली आणि सासू कुठली? माझी आई गेल्यावर ‘जेवलीस का’ विचारणारं माणूस एकच उरलं होतं, ते तुम्ही. ट्रेनिंगला परभणीला होते तेव्हा सहा महिन्यांच्या भक्तीला तुम्ही सांभाळलंत. बाया हसायच्या, तर तुम्ही पाराजवळ उभं राहून सुनावलंत, “माझी सून शिकायलीय. तुमच्या दारात पीठ मागायला येत न्हाई.” हे मला तुम्ही नाही, शेजारच्या तानुबाईनं सांगितलं. मी ते कधी तुमच्यापाशी काढलं नाही. आपल्यात तशी रीत नव्हती. अशी सासू हातची जाऊ नये म्हणून मी तुमच्या लेकाच्या नावानं खोटं बोलत राहिले.

आता तुमचा निरोप. “भागवत न्यायला आला की येते.” बरोबर आहे तुमचं. नव्या घरात आईला लेकानं हाताला धरून न्यावं. म्हणून मी त्यांना फोन केला, तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, माझ्यासाठी येऊ नका, घरात पाऊलही ठेवू नका, फक्त आईंना सोनपेठहून गाडीत बसवून दारापर्यंत सोडा आणि तसेच परत जा. ते म्हणाले, “आईला सांग, मी बाहेरदेशी गेलोय. तुला जमतं की असलं सांगायला.”

फोन ठेवला आणि नव्या ओट्यावर डोकं टेकून रडले. त्यांनी नाही म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. मला जमतं म्हणाले, त्याचं वाटलं. खरंच जमत होतं. आता जमत नाही, आई. थकले. परदेशातून एक डबा आणखी पाठवायचा, त्यावर नाव घालायचं, आणि तुम्ही तो दारोदार दाखवायचा, हे आता माझ्या हातून होणार नाही.

तुम्ही हे वाचून रडणार. डबा फेकून द्याल की उराशी धराल, मला सांगता येत नाही. काहीही करा. मला शिव्या द्या, एवढे दिवस फसवलं म्हणून चार माणसांत बोला, मी ऐकून घेईन. लेकाला भेटायचं असेल तर पत्ता माझ्याकडं आहे. मी स्वतः रेल्वेत बसवून देईन, यावंसं वाटलं तर परत आणायलाही येईन.

पण येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी सोनपेठला येते आहे. वास्तुशांतीपुरतं नाही, कायमचं न्यायला. भाऊजींना मी काही बोललेले नाही, आधी तुम्हाला विचारते आहे. यायचं नसलं तर तसं माझ्या तोंडावर सांगा, मी चहा पिऊन दुपारच्या गाडीनं माघारी फिरेन. फक्त एक करा. दारात मला बघून ‘तू आता माझी कोण’ असं विचारू नका. बाकी सगळ्याला उत्तर आहे माझ्याकडं, त्याला नाही.

तुम्ही नको म्हणेपर्यंत तुमची सून,

बबिता