अर्ध्यावर थांबलेली पट्टी

लातूर
२ डिसेंबर १९९९

प्रिय जिक्रा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तीन दिवस ते माझ्या वहीत आहे, आणि उत्तर लिहायला बसले की मी दुसरंच काहीतरी करायला उठते. बिलालभाई नीट जेवत नाहीत, दुकानात बसून आमच्याकडून परत आलेलं यूपीएस पुन्हा पुन्हा उघडतात, अब्बा म्हणतात कॉम्प्युटरचा नाद सोड, आपली रेडिओ दुरुस्तीच बरी होती. हे सगळं लिहून शेवटी तू विचारलंस की महादेवी, तू तिथं होतीस, नेमकं काय झालं ते तू तरी नीट सांग. सांगते. मला थोडा वेळ लागेल, पण याच पत्रात सांगते.

तू इथं कधी आली नाहीस, म्हणून आधी जागा सांगते. आमच्या रस्त्यावर दर महिन्याला क्लासची एक नवी पाटी लागते. परभणी, हिमायतनगर, कुठून कुठून मुलं बारावीसाठी येतात, आणि जिथं मोकळा प्लॉट होता तिथं आता होस्टेल उभं राहतंय. व्यंकट सरांचा क्लास दुसऱ्या मजल्यावर आहे. मी हजेऱ्या घेते, प्रश्नपत्रिका टाइप करते. घरातली पहिली पदवीधर म्हणून आप्पा गावात सांगायचे, आमची महादेवी लातूरला कॉम्प्युटर शिकवते. तेव्हा मी काहीच शिकवत नव्हते. ते खरं करायचं म्हणून जूनमध्ये सरांना म्हटलं, दुपारी दोन ते चार खोली रिकामी असते, मला मुलींची बॅच घेऊ द्या. सर हसले. म्हणाले, "मॅडम, पोरी मशीनला हात लावायच्या आधीच तीनदा ओरडतात. एकदा जरी घाबरून काही बिघडवलं की बॅच बंद, मग माझ्याकडं रडत यायचं न्हाई." मी कबूल म्हटलं. अकरा मुली आल्या. मुलांच्या बॅचमध्ये त्यांना कुणी बसवलंच नसतं. रेणापूरच्या शिल्पाचे वडील तर तिला रोज एसटीत बसवून, कंडक्टरला सांगून, मगच शेतात जातात.

दसऱ्याला बिलालभाई स्वतः आमच्या बॅचचं पहिलं मशीन आणि लाईट गेली तरी ते चालू ठेवणारं यूपीएस घेऊन आले, नांदेडपासून मॉनिटर मांडीवर घेऊन. सरांच्या बायकोने मशीनला कुंकू लावायला हात पुढे केला तो नेमका पंख्याच्या भोकांवर, आणि भाईंनी अगदी अदबीने म्हटलं, "भाभीजी, इथं नको, त्याला श्वास घ्यायचा असतो." सगळे हसले. सरांनाही भाई आवडले. जानेवारीत अशीच दहा मशिनं नांदेडहून घेऊ, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तुझ्या घरी त्या रात्री शिरखुर्मा केला होता ना, तू लिहिलं होतंस.

दिवाळीत सरांनी पेपरात वाचलं की दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर गडबडणार. मी तारीख पुढे सरकवून पाहिली. मशीन बंद करून परत सुरू केलं तर ते १९९४ दाखवायला लागलं. भाईंना एसटीडीवरून फोन केला. ते म्हणाले, बोर्ड नवा आहे पण गेल्या वर्षीच्या मालातला, त्याचं बायोस बदलावं लागेल. मुलींना मी बायोस असं समजावलं होतं की मशीनमध्ये सगळ्यांच्या आधी उठणारं हे माणूस, हे उठलं की बाकीच्यांना उठवतं. भाई म्हणाले, रविवारी मीच येतो. मी म्हटलं, तुम्ही नुसती फ्लॉपी पाठवा, मी करते. एका बाईने हे केलेलं माझ्या मुलींनी पाहावं, असं मला वाटत होतं. खरंच तसंच वाटत होतं, जिक्रा. कंडक्टरच्या हाती फ्लॉपी आली, सोबत भाईंची चिठ्ठी. यूपीएस आधी पूर्ण चार्ज करा. पट्टी शेवटपर्यंत भरत नाही तोवर काहीही बंद करू नका.

पुढच्या मंगळवारी, अकराही मुली मागे उभ्या असताना, मी फ्लॉपी घातली. पडद्यावर पांढरी पट्टी सरकू लागली. ती अर्ध्यावर आली आणि मशीन बंद पडलं. कसं ते पुढे लिहिते.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी त्या मशीनपुढे काढले. आत पंखा फिरतो, बाकी काही नाही. पडदा काळा, कीबोर्डचे दिवेही लागत नाहीत. मी बूथवरून भाईंना फोन करायचे, ते सांगतील ते तळहातावर लिहून घ्यायचे आणि धावत येऊन करायचे. बोर्डावरची रुपयाएवढी बॅटरी काढून दिवसभर बाहेर ठेवली. पिनांवरची बारीक टोपी जागा बदलून लावली. मेमरीची पट्टी खोडरबराने घासून परत बसवली. काही नाही. मग भाई म्हणाले, बायोसच्या चिपमध्ये एक छोटा कोपरा सहसा पुसला जात नाही, तो शाबूत असेल तर फ्लॉपी वाचेल, पण पडद्यावर दिसायला जुन्या पद्धतीचं कार्ड लागेल. ते कार्ड मी एका बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या भंगारातून मिळवलं. ते लावलं, मशीन सुरू केलं, आणि फ्लॉपीचा हिरवा दिवा लागला. दिवा थोडा वेळ थरथरला, घरघर झाली, आणि विझला. तेरा वेळा केलं. तेरा वेळा तसंच. तो कोपराही गेला होता. शेवटी भाई म्हणाले, ताई, चिप काढून पाठवा, तसल्याच बोर्डावर बसवून भरून बघतो. तसला बोर्ड नांदेडला कुणाकडेच नव्हता. या पंधरा दिवसांत त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

बॅच नावापुरती चालू आहे. मुली पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून त्यावर बोटं चालवतात. मी समोर उभी राहून ए-एस-डी-एफ म्हणते.

आता सरांचं. त्या मंगळवारी सर वर आले तेव्हा मी म्हटलं, लाईट गेली. ते म्हणाले, "मग ते यूपीएस कशाला घेतलंय? लागलंच न्हाई की काय?" मी मान हलवली. त्यांनी पुढच्या बाकावरच्या शिल्पाला विचारलं, "काय गं, खरं हाय का?" शिल्पाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाव सर, लाईट गेली अन् लगेच सगळं बंद पडलं." बाकीच्याही मान हलवू लागल्या. सरांनी त्याच आठवड्यात यूपीएस पार्सल करून परत पाठवलं. क्लासवाल्यांच्या बैठकीत सांगितलं, नांदेडचा माल कुणी घेऊ नका. दहा मशिनं दुसऱ्याकडे गेली. भाईंची इथली बाकीची दोन गिऱ्हाइकंही गेली, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

त्या दिवशी घरी निघताना शिल्पा मागे थांबली होती. हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी काळजी करू नका. आम्ही कुणीच सांगणार न्हाई." मी तिला थँक यू म्हटलं. सतरा वर्षांची मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी तिचे आभार मानले. वर्गात मी रोज सांगत होते की शिकलेल्या बाईने खरं बोलायला घाबरायचं नाही.

तुला भूकंपाचं मी कधी सगळं सांगितलं नाही. हॉस्टेलवर तू विचारायचीस आणि मी म्हणायचे, आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. ते अर्धंच खरं होतं. त्या पहाटे घर पडलं, माणसं वाचली. मग आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. सहा महिन्यांनी, संध्याकाळी, अव्वा भाकरी थापत असताना एक हलका धक्का बसला. खिळ्यावरून विजेची वायर सुटून पत्र्यावर पडली. बसम्मा काकू बाहेर पळताना पत्र्याला हात टेकून उठली. मोठ्या भूकंपातून वाचलेली काकू अशी गेली. तेव्हापासून आप्पांचा नियम झाला. धक्का जाणवला की महादेवीने पहिलं मेन स्विच खाली ओढायचं, करंट असलेली एकही वस्तू चालू ठेवायची नाही, मग सगळ्यांनी बाहेर पडायचं. दोन वर्षं दर शुक्रवारी ते आमच्याकडून हे करून घ्यायचे. सगळ्यांत चपळ मीच होते. आप्पा म्हणायचे, या पोरीच्या हाताला सांगावं लागत नाही.

त्या मंगळवारी पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा शेजारच्या प्लॉटवर होस्टेलसाठी बोअर मारायची गाडी सुरू झाली. मला आवाज कळला नाही. मला फक्त पायाखालची फरशी कळली. खिडकीची काच थरथरली, बाटलीतलं पाणी हललं. मी "बाहेर" असं ओरडले आणि मेन स्विच खाली ओढलं. लाईट गेली नव्हती, जिक्रा. मी घालवली. वरचा पंखा थांबला. पण मशीन बंद पडलं नाही. यूपीएस वाजत होतं आणि पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती. भाईंनी दिलेली वस्तू तिचं काम चोख करत होती. मी टेबलाखाली वाकले आणि त्याचं बटण दाबून धरलं, ते गप्प होईपर्यंत. त्यात करंट होता म्हणून. मग मुलींना ढकलत जिन्याने खाली नेलं. रस्त्यावर भजी खाणारी माणसं आमच्याकडे बघत होती. शिल्पाच आधी बोलली, "मॅडम, ती बोअरची गाडी हाय."

पहिल्या फोनवर भाईंनी विचारलं होतं, "लाईट गेल्यावर ते वाजलं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मग ते म्हणाले, "तर मग माझीच चूक, ताई. बॅटरी मी तपासली होती, पण बघण्यात काही राहिलं असेल." मी आता पुढे काय करायचं ते विचारलं आणि तळहातावर लिहून घेतलं. पहिले काही दिवस मी स्वतःला सांगितलं की मुलींची बॅच वाचावी म्हणून मी असं बोलले. बॅचची भीती होतीच, पण तेवढंच नव्हतं. बोअरच्या गाडीला घाबरून मी पळाले, हे मला सांगवलं नाही. सर म्हणाले होते तशीच मी निघाले, हे माझ्या तोंडून यावं असं मला वाटत नव्हतं. त्याची भरपाई तुझ्या भावाने केली, आणि तू मला पत्र लिहून माझ्याच तब्येतीची चौकशी केलीस.

याच पाकिटात एक वेगळा कागद आहे. घडलं ते त्यावर सगळं लिहून खाली पूर्ण नाव घालून सही केली आहे. बिलालभाईंनी तो इथं लातूरला कुणालाही दाखवावा. गेलेली मशिनं त्याने परत येतील असं मला वाटत नाही. अम्मी-अब्बांना तू कसं सांगशील ते मला सुचवता येत नाही. माफी मागायला मी बसले होते, पण ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, म्हणून मागत नाही. आज गुरुवार, सर दहाला येतात. या आठवड्यात मी तीनदा त्यांच्या केबिनपर्यंत गेले आणि तीनही वेळा हजेरीचं काहीतरी विचारून परत आले. उद्या जाईन, परवा जाईन, असं करत मी हे कधीच सांगणार नाही, हे मला आता कळलं आहे. म्हणून आधी हे लिहिलं. पाकीट कोपऱ्यावरच्या पेटीत टाकेन आणि मग वर जाईन. पेटीत पडलेलं पत्र मला परत काढता येणार नाही, आणि तुम्हाला कळल्यावर सरांपुढे खोटं बोलून काही उपयोग उरणार नाही. ते बॅच आजच बंद करतील. दोन वाजता मुली येतील तेव्हा त्यांना दारातच सांगायचं आहे, आणि शिल्पाला वेगळं बाजूला घेऊन सांगायचं आहे की ती त्या दिवशी जे बोलली ते मी तिला बोलायला लावलं. दहाला वीस मिनिटं आहेत.

तुझीच,
महादेवी