बुटक्या खुर्च्या आणि मोठं भाषण

तीर्थरूप काकूस,

पुतणीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का? काकांचा रक्तदाब आणि राग, दोन्ही बेतात आहेत ना? मी खुशाल आहे, म्हणजे आत्ता आहे. मागच्या महिन्यात नव्हते.

झालं असं, की आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात लाकूड कापणारं कॉम्प्युटरवालं यंत्र आलं आणि मालकांनी ते (मोठ्या कौतुकानं) माझ्या गळ्यात बांधलं. व्यवस्थापक या नात्यानं मी स्टुलावर उभी राहून बदलाच्या महत्त्वावर असं भाषण ठोकलं, की ऐकून माझं मलाच भरून आलं. सुतारमंडळी मात्र ढिम्म. यंत्रावर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर जेवणाचे डबे चढले, आणि मुख्य सुतार (सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही) शांतपणे म्हणाले, "बाई, त्याला बसवा, मी उठतो." दादा उठले तर मागोमाग सगळेच उठणार!

दुसऱ्या दिवशी मीच बाह्या सरसावल्या. सगळ्यांसमोर मापं घातली, बटण दाबलं. यंत्रानं लोणी कापावं तसं लाकूड कापलं. खुर्च्या जोडून पाहतो तो काय, बैठक भल्या माणसाची आणि पाय वीतभर! (पायांची मापं इंचांऐवजी सेंटिमीटरमध्ये पडली होती.) कोणी हसायला धजेना. दादा गंभीर चेहऱ्यानं एका खुर्चीवर बसायला गेले आणि खाली जातच राहिले. टेकले तेव्हा गुडघे कानांशी. उठता येईना. मी हात द्यायला वाकले, ती शेजारच्या खुर्चीत धप्पकन! मग जो हशा पिकला, की छपराचे पत्रे हलले. दादा डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही येत नाही होय! मग भाषणात का नाही सांगितलंत? आम्हाला वाटलं, आपणच तेवढे अडाणी."

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही सगळे मिळून चुकतो, आणि दुपारपर्यंत बरंचसं जमतं. आता यंत्रापाशी कोणी मोठ्यानं बोललं तर दादाच दटावतात, "हळू! विचार करतंय ते."

घरात सगळ्यांना यथायोग्य.

तुझी,
खुर्चीत पडलेली पुतणी

ता. क. मालक खूश आहेत. पुढच्या आठवड्यात असंच यंत्र बसवायला मला त्यांच्या दुसऱ्या कारखान्यात, म्हणजे तुमच्या गावी, धाडताहेत. तिथल्या फोरमननी (म्हणजे आपल्या काकांनी) यंत्राच्या खोलीला कुलूप ठोकून किल्ली घरी नेली आहे म्हणे, आणि माझा फोनही उचलत नाहीत. तेवढी किल्ली शोधून ठेव.

ता. क. २ काकांना सांग, मला ते यंत्र अजून धड येत नाही. (युक्ती नाही गं, खरंच. कालच टेबलाला पाच पाय आले.)