ड्रायव्हरच्या मागची सीट

ब्रॅकनेल
४ मार्च २००७

ती. वैजूताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला आता ऐकू येत नाही याचं वाईट वाटतं, पण त्या निमित्ताने सत्तरीत माझा हात पुन्हा लिहिता झालाय.

बातमी अशी, की गाडी घेतोय. अलकाला दर रविवारी केअर होममधून दोन तास बाहेर काढायचं ठरवलंय. स्ट्रोकनंतर तिला आवाज सोसत नाही, म्हणून हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. सिग्नलला गाडी थांबली की इंजिनच बंद होतं. आणि सेडान. इथे तिला सलून म्हणतात, आणि मला चाळीस वर्षांनंतरही न्हावीच आठवतो.

दोन गाड्यांवर गाडं अडलंय. करडीची पुढची सीट मऊ, उंच, कमरेला छान आधार देणारी. पण मागे बसलं की गुडघे पुढच्या सीटला टेकतात. निळीच्या सीट जरा कडक, पण मागे गुडघ्यांपुढे चांगली वीतभर जागा उरते. बॅटरी दोन्हींत मागच्या सीटच्या पाठीशी, त्यामुळे डिकी आखूड. व्हीलचेअर चाकं काढली तर बसते. टेप घेऊन सगळं मोजलंय.

उजवा हात मफलरने अंगाशी बांधून मी दोन्हींत सहा-सहा वेळा बसून पाहिलं. पुढे डावीकडे बसताना आधाराला डॅशबोर्ड येतो तो उजव्या हाताशी, आणि अलकाचा तोच हात गेलेला. ड्रायव्हरच्या मागे बसवलं तर डाव्या हाताने पुढची सीट धरता येते. म्हणजे ती माझ्या मागे बसणार आणि मला दिसणार नाही. म्हणून निर्णय होत नाही.

शोरूममध्ये मनीषा नावाची मुलगी आहे, स्लाउमध्ये जन्मलेली. मराठी ऐकून खूश झाली. काल तिने विचारलं, की अंकल, तुम्ही एकटाच बसतो, आंटी कधी येणार आहे? मी म्हटलं, बघू.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
शशी

केअर होम
१४ मार्च २००७

ती. वन्संना सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर लावून वाचा. बोलणं तर कुणाला धड कळत नाही.

गाडीचं तुमच्या पत्रातून समजलं. यांनी मला सांगितलं नाही. चार शनिवार हे आले नाहीत. निरोप येतो, की पाठ दुखते. मी खिडकीशी बसते. तिथून कार पार्क दिसतो.

यांच्यावर रागावू नका. मला कुठल्याही गाडीत बसता येईल. यांनाच माझ्याजवळ बसवत नाही.

हात दमला. आठवण ठेवा.

अलका

केंब्रिज
१८ मार्च २००७

चि. शशीस, अ. उ. आ.

अलकाचं पत्र आलं. बारा ओळी आहेत. त्या लिहायला तिला दोन दिवस लागले असतील. तू चार शनिवार तिच्याकडे गेला नाहीस, ही गोष्ट तुझ्या पत्रातल्या सगळ्या मापांत कुठे दिसली नाही.

दुसऱ्या कुणी सांगितली नसती अशी माझी गोष्ट सांगते. हे शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलात होते, तेव्हा मी बैठकीच्या पडद्यांसाठी केंब्रिजमधली सहा दुकानं पालथी घातली. यांना निळा आवडायचा, म्हणून योग्य निळा शोधत होते. पडदे सुरेख मिळाले. ज्या दुपारी मी ते लावत होते, त्या दुपारी हे गेले. नर्स म्हणाली, माझी चौकशी करत होते. अजून तेच पडदे आहेत. रोज सकाळी ते उघडते.

येत्या शनिवारी तिच्याकडे जा. टेप घरी ठेव.

थोडं बोलले, पण माया उणी झालेली नाही हे तुला ठाऊक आहे.

वैजूताई

ब्रॅकनेल
९ एप्रिल २००७

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. तसं ऐकायला घरात कुणी नसतंच.

तू म्हणालीस त्याच शनिवारी गेलो. मनीषाला विनंती केली होती. तिने एका सहकाऱ्याच्या मदतीने दोन्ही गाड्या केअर होमच्या दारात आणल्या. करडीच्या पुढच्या सीटवर अलकाला चढताच आलं नाही. निळीत मागे, डाव्या हाताने पुढची सीट धरून, दोघांच्या आधाराने ती एकदाची बसली. मी पुढे जाऊ लागलो, तर तिने शेजारच्या सीटवर हात आपटला. मग मनीषाने गाडी चालवली आणि मी अलकाजवळ बसलो.

ताई, जन्मभर मी ऑपरेशनआधी लोकांना भूल दिली. झोपलेल्या माणसांजवळ बसायची सवय. अलका मात्र दर वेळी एकच विचारायची, की घरी कधी न्यायचं. जिना, उचलायला दोन माणसं, माझी पाठ. उत्तर मला माहीत होतं, म्हणून जाणंच बंद केलं. वाटलं, चांगली गाडी घेतली की उत्तराची गरज पडणार नाही.

सिग्नलला इंजिन बंद झालं आणि तिने तेच विचारलं. मी सांगितलं, की राहायला आता घरी येता येणार नाही. ती तुटक शब्दांत म्हणाली, की मला ऑक्टोबरपासून, होममध्ये आले तेव्हापासून माहीत आहे, तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते. पुढे मनीषा रडत होती. अलकाने तिला आणखी एक फेरी मारायला सांगितलं.

निळी घेतली. काल ईस्टरच्या रविवारी होममधल्या नर्सनी तिला बसवून दिलं आणि पहिल्यांदा दोघंच गेलो. घरासमोर गाडी लावली, थर्मासमधला चहा प्यायलो. आत येतेस का, विचारलं. नको म्हणाली. तिच्या पायांना आणखी जागा हवी, म्हणून माझी सीट इतकी पुढे घेतली होती, की गुडघे स्टिअरिंगला लागत होते. चार वाजता तिला सोडलं.

परत येताना गाडीत एकटाच होतो. सीट मागे घेतली नाही. तसाच घरी आलो.

मे महिन्यात तू ये. तिच्या शेजारची जागा रिकामी आहे.

तुझ्या रागावण्यावर हक्क सांगणारा,
शशी