जर्मनीला गेलेला फॅक्स

सर, तुमच्या शोकसभेला मी आले होते. मागे बसले होते. एकेक जण उठून सांगत होता की सरांनी आपल्या माणसाला कधी वाऱ्यावर सोडलं नाही. मी चहा न घेताच निघाले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

कोथरूडच्या तुमच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले ती तुमच्या शब्दावर. माझे वडील खडकीच्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीत होते. खासगी नोकरी म्हणजे उद्याची शाश्वती नाही, असं त्यांचं ठाम मत. तुम्ही आमच्या क्वार्टरवर येऊन त्यांना म्हणालात, "मुलगी हुशार आहे. माझ्यावर सोडा." त्यांनी सोडलं. पुढे मला सगळं तुम्हीच शिकवलंत. रोज संध्याकाळी मशीनला टेप लावून दिवसभराच्या कामाचा बॅकअप घ्यायचा. फॅक्सचा कागद उन्हाळ्यात पुसट होतो, म्हणून फॅक्स आल्याबरोबर त्याची झेरॉक्स काढायची. टेपा जुन्या झाल्यात, नव्या मागवू या, असं मी तुम्हाला अनेकदा सांगितलं होतं. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, "टेप म्हणजे काय चप्पल आहे का झिजायला?" सगळे हसायचे, मीसुद्धा.

मग एका सोमवारी सर्व्हरची डिस्क गेली आणि शेवटची टेप वाचलीच जाईना. जर्मनीच्या गिऱ्हाइकाचं वर्षभराचं काम त्यात होतं. तुम्ही खुर्चीत बसून नुसते भिंतीकडे बघत होतात. तुम्हाला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. मी कपाटातल्या जुन्या टेपा काढल्या. एक लावते, ती मध्येच अडकते, मागे फिरवते, पुन्हा लावते. जे हाती लागेल ते उतरवून घेते. जे टेपांवर नव्हतं ते फॅक्सच्या झेरॉक्स समोर ठेवून पुन्हा टाइप केलं. तो आख्खा आठवडा मी दुसरं काही केलं नाही. शेवटी तुमच्या केबिनमध्ये येऊन म्हणाले, "सर, आलं सगळं." तुम्ही उठून उभे राहिलात. "शाब्बास," म्हणालात. तुमचे डोळे भरले होते, हे मी अजून नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या हातात एक कागद दिलात. "एवढं जर्मनीला लावा." मशीनमध्ये सरळ करताना मी तो वाचला. बॅकअपमध्ये हयगय करणाऱ्या ऑपरेटरला कामावरून काढलं आहे आणि माहिती तुम्ही स्वतः परत मिळवली आहे, असं त्यात होतं. ऑपरेटर म्हणून माझं नाव होतं. खाली तुमची सही. तुम्ही दारातच उभे होतात. मी नंबर फिरवला. कागद आत ओढला गेला.

"गेला का?"

"गेला, सर."

"अहो, ते नुसतं त्यांच्यासाठी आहे. तुम्ही उद्या नेहमीसारख्या या."

आणि मी आले की हो! काही महिने आले. मग ते जर्मन लोक पुण्याला येणार म्हणून तुम्ही सांगितलंत, "तेवढे दिवस घरीच थांबा. उगाच समोर नको." माझ्याकडे न बघता सांगितलंत. मी थांबले. ते आले, जेवले, परत गेले आणि नंतर माझी मीच परत आले नाही. वडिलांनी विचारलं, "सरांनी काढलं?" मी म्हटलं, "नाही, मी सोडलं." तुमचा शब्द त्यांच्यासमोर खाली पडू दिला नाही. का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

तुम्ही मला गाढव म्हटलं असतंत, पगार थांबवला असतात, तर मी केव्हाच विसरले असते. पण माझ्यावरचा आरोप तुम्ही माझ्याच हातांनी पाठवलात. निदान त्या दिवशी शिपायाला तरी सांगायचंत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. फॅक्सच्या आदल्या दिवशी मला केबिनमध्ये बसवून तुम्ही नुसतं विचारलं असतंत, "दोष तुमच्या नावावर टाकू का?" तर मी हो म्हटलं असतं.